पांढऱ्या कड्याचं शेवटचं गिधाड

खड्डा खणला होता मेंढीसाठी, आणि त्यात जाऊन बसला होता इस्मानआली म्हातारा.

"बा, भायेर ये," त्याचा लेक कुबात फावडं टेकून म्हणाला. "मेलेलं जनावर पुरायचंच, असं डाक्टर सांगून गेलाय."

"मग डाक्टरलाच पूर! मेंढी वर कड्याला जाईल. माझ्या बापानं न्हेली, आज्यानं न्हेली."

"त्येंच्याकडं हजार मेंढरं व्हती. आपली अकरा, तीबी गोठ्यात."

मी शेजारीण, कुंपणाशी उभी राहून ऐकत होते. कुबातचंही खोटं नव्हतं. नारीन नदीच्या आमच्या खोऱ्यातून आता उन्हाळ्यात वरच्या कुरणावर कुणीच जात नाही. पोरं रशियाला गेली, उरलेल्यांनी विकतच्या गवतावर जनावरं बांधली. पूर्वी वर चढताना मेलेलं पहिलं जनावर पांढऱ्या कड्याखाली गिधाडांसाठी ठेवायचे. इस्मानआली तरुणपणी बर्फात पाय मोडून पडला, तेव्हा गिधाडांच्या घिरट्या बघूनच भावानं त्याला शोधला होता. त्या कड्यावर आता एकच गिधाड उरलं होतं. आठ दिवस झाले, तेही दिसलं नव्हतं. म्हाताऱ्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"बुरुल, पोरी, तुजं गाढव दे," तो मला म्हणाला.

"साठीच्या बाईला पोरी म्हणताय दादा, म्हंजे मलाबी चालवणार तुमी!"

"चल की. घरात बसून काय अंडी घालतीस?"

मेंढी गाढवावर लादून आम्ही वर गेलो. कुरणात गवत उभंच्या उभं वाळलेलं, खायला तोंड नाही. बाप करायचा तसंच म्हाताऱ्यानं मेंढीचं पोट चिरून ठेवलं आणि दगडाआड बसला. दोन दिवस आम्ही आभाळ बघत होतो. कोल्हा येऊन गेला, कावळे आले.

"येईल," तो म्हणायचा. "लांब गेलं असंल."

मी हो म्हणत राहिले. दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी खाली आलो, तर कुबात गोठ्यामागच्या उकिरड्याशी उभा. मेंढ्या विताना पडलेली वार तो तिथंच टाकायचा. तिथं पंख पसरून गिधाड मरून पडलं होतं.

"काल सकाळी आलं," कुबात हळू आवाजात म्हणाला. "मी हाकललं न्हाई, बा. वाटलं, खातंय तर खाऊ दे."

म्हातारा गुडघ्यावर बसला. गिधाडाचा गळा तटतटून फुगला होता. सुरी लावली, तशी आतून वारेत गुंतलेली निळी दोरी निघाली, हातभर, मग आणखी हातभर. गवताचे गठ्ठे जिनं बांधलेले असतात ती.

"आमी वर वाट बघत बसलो, बुरुल," तो म्हणाला, "आनि ह्ये हितं उपाशी आलं."

मला रडू आवरेना. आत मेंढ्या ओरडायला लागल्या. इस्मानआली उठला, गोठ्यात जाऊन त्यानं नवा गठ्ठा ओढला, दोरी कापली आणि गवत टाकलं. दोरी मात्र नीट गुंडाळून खिशात घातली. आता ती कुठं टाकली असती तरी चाललं असतं.