पुण्याचा माळी

"हळू बोल की, प्रगती! आमची म्हातारी शेरडं घिऊन माळाला गेलीय, पण तिचे कान हितंच असत्यात," कोंडिबा कुजबुजले.

मी हसू दाबलं. पुण्यातल्या हेरगिरीच्या इतिहासावर मी पुस्तक लिहितेय. पेशव्यांचे बातमीदार झाले, इंग्रजांचे झाले, आणि आता पासली गावातल्या ओट्यावर हा पंच्याहत्तरीचा जिवंत हेर! तीस वर्षं कोंडिबांनी पुण्यात पोलिसांसाठी बातम्या काढल्या. कधी सभेबाहेर शेंगा विकल्या, कधी स्टेशनावर बूटपॉलिश केलं. गावाला मात्र एवढंच ठाऊक, की ते एका बंगल्यावर माळी होते.

"आजींनाही माहीत नाही?"

"न्हाई गं. तशी शपथच व्हती. आता छापून आलं तर म्हणंल, जल्मभर खोट्या माणसासंगं नांदली. त्याचंच लई भ्या वाटतंय बग."

"मग आधी तुम्हीच सांगून टाका ना, बाबा."

"तूच सांग. तुला वरडायची न्हाई."

"काय सांगायचं राह्यलंय?" अंगणातून आवाज आला. ठकुबाई! मागं शेरडं. माझी तर पाचावर धारण बसली.

कोंडिबांनी मान खाली घातली. "म्या माळी नव्हतो गं. पोलिसांचा खबऱ्या व्हतो."

ठकुबाईंनी काठी भिंतीला टेकवली. "म्हाईत हाय की."

"आँ?"

"आवं, दर शनवारी घरी यायचा, पण नखात कवा मातीचा कण न्हाई. आसला कसला माळी? आन कापडं धुताना खिशात शेंगांची टरफलं. शेरडू कुठं चरून आलंय ते म्या वासावरनं सांगती, मग नवरा कळंना व्हय?"

अख्ख्या पुण्याच्या डोळ्यांत धूळ फेकणारा गडी बायकोपुढं चारी मुंड्या चीत! मला हसू आवरेना.

"मग कुणाला बोलली कशी न्हाईस?"

"बोलली की! जावा लई खोदून इचारायच्या. मग हितल्या बाजारात कुणी बगंल म्हणून पार कापूरहोळच्या बाजाराला जायची, गुलाबं इकत आणायची आन सांगायची, आमच्या मालकांनी लावल्यात. तुमचं कुठं बरंवाईट हू नये म्हणून."

टोपी काढून कोंडिबा डोळे पुसत राहिले.

"पोरी, पुस्तकात पयलं हिचं नाव लिव," ते कसंबसं म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या नाव." ठकुबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. "आपल्या लेकीच्या, सोनियाच्या बारशाला सारा गाव आला, तुमीच न्हाई. त्या दिशी कुठं व्हता, तेवढं सांगा."

कोंडिबा त्यांच्याकडे सरकले आणि हळूहळू सांगू लागले. मी वही मिटली आणि शेरडं बांधायला उठले.