आईचं बोलणं नव्या फॉन्टात

जुन्नरच्या एसटी स्टँडाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. शहाण्णव साली मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यावर अर्ध्या तालुक्याच्या लग्नपत्रिका काढल्या. की-बोर्डकडे बघायचीही गरज पडत नसे. त्या सॉफ्टवेअरला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं. अजूनही जरा फिरतंच.

गिऱ्हाईक नसलं की माझी आई, भिमाबाई, दुकानातल्या खुर्चीत बसून जुनं सांगायची आणि मी टाइप करायचो. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माळशेज घाट उतरायचा, कोकणात हिंडायचं, पावसाच्या तोंडावर माघारी यायचं, असं तिचं निम्मं आयुष्य गेलं. हे सगळं तिला नातीसाठी लिहून ठेवायचं होतं.

नात म्हणजे माझी मुलगी प्रांजल. तिला जन्मापासून दिसत नाही. पुण्यात बँकेत नोकरी करते, आणि स्क्रीनवरचा मजकूर तिचा कॉम्प्युटर तिला बोलून दाखवतो. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात मी आईची फाइल तिला मेल केली. लगेच फोन आला.

"पप्पा, हा नुसती एबीसीडी बडबडतोय. आजीचा एक शब्द नाही यात."

"मग आजीलाच फोनवर सांगायला लावतो."

"नको. तुम्ही सगळे पुस्तक वाचता, वाटलं तर पान मागं उलटता. मला आपल्या घरचं तसं वाचायचंय."

फोन ठेवला आणि शेजारच्या सुदर्शनला बोलावलं. तो कॉम्प्युटर रिपेअर करतो आणि न विचारता सल्ले देतो.

"तुमचं मराठी नुसतं दिसायला मराठी हाय," तो म्हणाला. "आतनं इंग्रजीच अक्षरं. युनिकोडमदी टाइप केलं तर पोरीचं मशीन वाचंल. पर बटनं सगळी निराळी, भाऊ. भर लग्नसराईत धंद्याचा इस्कोट व्हईल. आन् तुमची बोटं काय आता वळायची न्हाईत."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. मी आईचा सगळा मजकूर आधी कागदावर छापून घेतला आणि त्याला म्हणालो, "काढून टाक ते सॉफ्टवेअर."

"अवो, राहू द्या की राव एका कोपऱ्यात."

"राहिलं तर उद्या मी पुन्हा त्याच्यावरच बसेन. काढ."

त्यानं काढलं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. त्याच्याच जिवावर घर चाललं होतं. पण ठरवलं ते ठरवलं.

बोटं सारखी जुन्या जागी जायची. एक ओळ टाइप करता करता चहा गार व्हायचा. पत्रिकावाले कंटाळून दुसऱ्या दुकानात गेले. सुदर्शन येता-जाता विचारायचा, "काय राव, पहिलीत नाव घातलं का?" मी शिवी हासडायचो आणि पुढचं अक्षर शोधायचो.

कोकणातल्या पहिल्या फेरीचा भाग झाला तसा प्रांजलला पाठवला. तिनं फोन करून तो आपल्या कॉम्प्युटरजवळ धरला. आई खुर्चीत बसली होती; मी इकडे स्पीकर लावला. यंत्राचा सपाट, अडखळता आवाज आईचंच बोलणं बोलत होता. मध्येच तो थांबला, मागं गेला, आणि कोकराला पाठीवर घेऊन घाट उतरल्याचं वाक्य पुन्हा आलं. पोरगी पान उलटत होती. माझे डोळे भरून आले.

फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "ती एकटीच वाचती? संगं कुणी लागत न्हाई?"

"कुणी लागत नाही."

तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, "मंग आता लिही. नातीला तोंडावर सांगवत नव्हतं मला. तुज्या आदी एक पोर व्हती. तिलाबी दिसत नव्हतं. घाटाच्या पायथ्याला तापानं गेली. मेंढरं घिऊन आमाला तसंच म्होरं जावं लागलं. रडायलाबी थांबलो न्हाई."

मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

"नाव काय होतं तिचं?"

"सोनी."

माझं बोट की-बोर्डवर फिरत राहिलं.

"अक्षर घावंना का?" आईनं विचारलं.

"घावतंय," मी म्हणालो, आणि एकेक अक्षर शोधून माझ्या बहिणीचं नाव टाइप केलं.