अंबाड्यातून कानात

मी केसांचा आकडा बोलतोय. नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. माझी मलाच शिसारी येते.

तारेच्या भेंडोळ्यातून मला कापलं, मधोमध वाकवलं, काळा रंग दिला आणि डझनभर भावंडांबरोबर पुठ्ठ्यावर टोचलं. एका बाईने मला विकत घेतलं आणि आपल्या अंबाड्यात खोवलं. तेलाचा मंद वास, केसांची ऊब. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

तिचा नवरा कापड गिरणीत विणकर होता. चार माग एकटा सांभाळायचा. खडखडाट असा, की शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागे. गिरणीने कानांत घालायला रबरी बुचं दिली होती. ती त्याने डबीत जपून ठेवली होती, जशी काही सोन्याचीच!

"अहो, घालत का नाही?" बायको विचारायची.

"अगं, मग धागा तुटलेला कळणार कसा? माझा माग माझ्याशी बोलतो."

ते खरंही होतं. धागा तुटला की मागाचा आवाज बदले, आणि हा पाठमोरा असला तरी गर्रकन वळे. पण संध्याकाळी घरी आला की कानांत किर्रर्र सुरू. कानात कापसाची धूळ बसते आणि तीच वाजते, अशी त्याची ठाम समजूत.

"आकडा दे गं जरा!"

की निघालो मी अंबाड्यातून कानात! आत तो पिवळट, चिकट, उबट मळ. हा एक डोळा मिटून, तोंड वाकडं करून मला फिरवायचा. मग बाहेर काढून, खजिना सापडल्यासारखा उजेडात निरखायचा आणि बनियनला पुसायचा. कान झाला की त्याच टोकाने नाकातली खपली! नंतर दोन्ही नाकपुड्या दाबून असा शिंकरायचा, की भांडी हादरावीत. आणि मी? मी परत बायकोच्या केसांत.

"शी! निदान धुऊन तरी द्या!"

"घरचाच मळ आहे, परका थोडाच आहे?"

त्यांची लेक ठकी पाच वर्षांची. रोज संध्याकाळी बापाच्या डाव्या कानात दिवसभरातलं एक गुपित सांगायची. त्या दिवशी मी त्याच कानात होतो. "बाबा, गुपित!" म्हणत ती मागून गळ्यात पडली. त्याचा हात हिसकला आणि माझं टोक पडद्यातून आरपार गेलं. तो असा ओरडला, की पोर भिंतीला जाऊन चिकटली.

त्यावर यांनी शहाणपण काय केलं? कोमट तेल ओतलं. चार दिवसांत कान वाहू लागला. तो कुबट वास माझ्या तारेत मुरला. ठकी कानाशी कुजबुजली, तर हा म्हणाला, "काय? मोठ्याने बोल."

"मोठ्याने बोललं तर ते गुपित कसलं?" ती रडवेली झाली. तेव्हा कुठे तो घाबरला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशाने कोरता?" बायकोने मला अंबाड्यातून काढून पुढे धरलं. बाईंनी हातच मागे घेतला.

"हे परत केसांत खोवता? अहो, मळ आपला आपण बाहेर येतो. आणि ती किर्रर्र धुळीची नाही, मागांच्या आवाजाची आहे. कान कोरडा ठेवा, तेलबिल काही नको. नाक एका वेळी एकच, हळू शिंकरा. आणि बुचं उद्यापासून कानात."

"मग धागा?"

"धागा तुटला तर जोडता येतो ना? मग कान सांभाळा."



आता मला उकळून, सरळ करून दाराच्या चौकटीत ठोकलंय. माझ्यावर दोऱ्याने बांधलेली बुचांची डबी लटकते. ती घेतल्याशिवाय बायको त्याला बाहेर जाऊ देत नाही. पहिल्या आठवड्यात दोन धागे त्याच्या नजरेतून सुटले, मुकादमाने झापलं. आता तो मागावर तळवा ठेवून थरथर ओळखायला शिकतोय. पडदा भरून आला, पण डावा कान मंदच राहिला.

काल ठकी सवयीने डाव्या बाजूला गेली. थबकली. मग त्याच्या पाठीमागून वळसा घालून उजव्या कानाशी आली. तो हसला, पण डोळे पुसायला त्याने बाही वर नेली.

तुमच्या घरातही माझी भावंडं असतील. त्यांना केसांतच राहू द्या. कानात जाण्यासारखं एकच आहे, लेकराचं गुपित.