इंजिनबाबाचं तीर्थ

देवळाली प्रवराच्या माळावर दर गुरुवारी गाड्यांची रांग लागे. बॉनेटवर झेंडू, चाकाखाली लिंबू, शेजारी हात जोडलेला मालक. समोर भगव्या डगल्यात इंजिनबाबा. स्वतःच्या गाडीचं इंजिन खोलून तो आतले वॉल्व्ह दाखवी, घासलेल्या समईसारखे लख्ख. "टाकीत एक थेंब, की पापाची काजळी धुतली," तो आळवून म्हणे, आणि भलीभली माणसं माना डोलवत. तीर्थ घेतलं की बॉनेटला लाल दोरा. तो तोडून मेकॅनिकचा हात लागू दिला, की शक्ती गेली!

माधुरी संगमनेरला आयटीआयत मोटार मेकॅनिक शिकवायची. तिच्या भावानं, रविराजनं, अकरा गुरुवार तीर्थ ओतलं होतं. तरी गाडी हिसके देई. मंगळवारी ती भर रस्त्यात बंद पडली, आत आई होती. रतनबाईची डायलिसिसची पाळी हुकली, पायांवर सूज चढली.

माधुरीनं बॉनेट उघडायला सांगितलं, तर रविराज म्हणाला, "ताई, बाबांचं इंजिन मी डोळ्यानं बघितलंय."

"मग डोळ्यानंच बघू."

गुरुवारी ती रविराजच्याच गाडीतून आईला घेऊन माळावर आली, हातात वायरीच्या टोकाला बसवलेला बारका कॅमेरा. आधी तिनं दूधवाल्या सहादेवआप्पांची जुनी गाडी मागितली. आप्पांनी तीर्थ कधी घेतलंच नव्हतं, ते नुसती गंमत बघायला आले होते. हवेच्या नळीतून कॅमेरा आत गेला. मोबाईलवर वॉल्व्ह दिसले, बाबाच्या गाडीसारखेच लख्ख.

मग आईच्या सुजल्या पायांकडं बघत रविराजनं दोरा तोडला. त्याचे वॉल्व्ह करपल्या तव्यासारखे, काळी खरपुडी धरलेले.

"मालकाच्या मनात किंतू आसनार," बाबा घाईनं म्हणाला.

"माझ्या मनात तर निव्वळ टिंगल हाय, महाराज," आप्पा म्हणाले. माळ हसला.

माधुरीनं लोकांना उलगडून सांगितलं. बाबाच्या नि आप्पांच्या गाडीत पेट्रोलचा फवारा वॉल्व्हच्या पाठीवर उडतो, पेट्रोलच त्यांना रोज अंघोळ घालतं. रविराजच्या गाडीत तो थेट सिलिंडरमध्ये जातो. त्यानं पिकअप, ॲव्हरेज चांगलं मिळतं, पण वॉल्व्हच्या पाठीला पेट्रोल शिवत नाही, तिथं ऑइलची वाफ करपत राहते. टाकीत गंगा ओतली तरी ती तिथं पोचायची नाही. खोलून साफ करणं, हाच उपाय.

बाबा कलियुगाला दोष देऊ लागला. रतनबाईनं खिडकीतून विचारलं, "उद्या डाक्टरनं बोलावलंय. तुमचं तीर्थ नेतंय का मला?"

बाबानं तीर्थाची बाटली डगल्यात सारली. आप्पांनी आपल्या गाडीचं दार उघडलं, "चला वैनी, उद्याची कशाला वाट बघता." रविराजनं मुकाट्यानं आपली गाडी गॅरेजकडं वळवली.

लोकहो, देव घरात पुजा, कुणाची ना नाही. पण कुणी चमत्कार दाखवला, तर ज्यानं तीर्थ घेतलं नाही त्याचीही गाडी उघडून बघा.