यूनिसला पोहायला कुणी शिकवलं

अमेरिकेतून वर्तमानपत्राचं कात्रण आलंय, यूनिसच्या आईने पाठवलेलं. यूनिसचा फोटो आहे, डोक्याला घट्ट टोपी, गळ्यात पदक. तिच्या राज्याच्या पोहण्याच्या संघातली पहिली कृष्णवर्णीय मुलगी, असं शेजारच्या फारुखभाईंनी वाचून दाखवलं. पुढे लिहिलंय की ती दहाव्या वर्षी शाळेच्या तलावात पोहायला शिकली. धडधडीत खोटं! तिला मी शिकवलं, इथे बहारीनमध्ये, चौऱ्याहत्तर साली, आणि तेव्हा ती सहा वर्षांची होती.

माझं नाव सत्यवती. तेव्हा माझा नवरा शिवदास वेल्डर होता, मीना सलमान बंदरात, आणि मी उम्म अल हस्सम वस्तीत एका अमेरिकन नेव्हीवाल्याच्या घरी आया. साहेब बोटीवर असत. घरात लोरेन मॅडम आणि त्यांची मुलगी यूनिस. मागे चालत दहा मिनिटांवर उथळ खाडी, पण पोरीला पाण्याकडे फिरकायची बंदी. का, ते मॅडम सांगत नसत. दर शुक्रवारी त्या तासन् तास तिचे कुरळे केस विंचरत बसत, म्हणून मी धरून चालले की केस बिघडायची भीती असेल. नखरे, दुसरं काय! चारी बाजूंनी समुद्र आणि पोरीला पोहता येऊ नये? आमच्या कोकणात, आचऱ्याला, असं पोर कुणी एकटं घराबाहेर सोडलं नसतं.

शिवदासला मी बंदरातल्या गलबतावरून दोन न सोललेले सुके नारळ आणायला लावले. आणले, पण कपाळाला हात लावून.

"मडमेक कळला तर व्हिसा खलास," तो म्हणाला. "मगे बस गावाक जावन."

"कळात तेव्हा बघू."

मॅडम सकाळी कामावर जात. मी नारळ सुंभाने जोडले, सुंभ यूनिसच्या पोटाखालून घेतलं आणि तिला पाण्यावर आडवी केली. आम्ही गावाला असंच शिकलो. पहिल्या दिवशी तिने भीतीने माझी मान ओरबाडली. मग ती लाथा मारायला लागली, मग हसायला. पुढे मी एक नारळ काढला, नंतर दुसरा. घरी आल्यावर तिला आंघोळ घालून वेण्या पुन्हा घालायचे. तिथेच फसले. मॅडमच्या हाताची वेणी मला काही जमेना.

एका सकाळी मी कमरेइतक्या पाण्यात उभी, यूनिस वीसेक हात पुढे, आणि मागून किंकाळी आली. वेण्यांवरून संशय येऊन मागोमाग आलेल्या मॅडम बुटांसकट पाण्यात शिरल्या होत्या. गुडघाभर पाण्यात आल्या आणि तिथेच थांबल्या. पुढे पाऊल उचलेना. नुसतं पोरीचं नाव घेत होत्या.

"यूनिस, ये गो," मी हाक मारली.

ती वळली आणि पोहत सरळ आईपाशी आली. मॅडमनी तिला उचलून छातीशी धरलं आणि माझ्या थोबाडीत दिली. "उद्यापासून येऊ नको."

शिवदासने संध्याकाळी गावाला न्यायची ट्रंक खाली काढली, ते थोबाडीपेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवदास शिफ्टला निघायच्या बेतात, तर मॅडम आमच्या दारात उभ्या. खाटेवर बसल्या. माझं इंग्रजी मोडकं, म्हणून सावकाश बोलल्या. त्यांच्या गावात पोहण्याचा तलाव होता, फक्त गोऱ्यांसाठी. काळ्या मुलांनाही येऊ द्या असा कोर्टाचा हुकूम आला, तेव्हा गावाने तलाव मातीने बुजवून टाकला. मग ही मुलं उन्हाळ्यात नदीवर जायची. त्यांचा भाऊ कॅल्विन तिथे बुडाला तेव्हा नऊ वर्षांचा होता.

"मी काठावर होते," त्या म्हणाल्या. "मलाही पोहता येत नव्हतं."

मी ज्याला नखरे म्हणत होते, ते हे होतं. मला माझीच लाज वाटली. त्यांना पाणी विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

"उद्या ये," त्या उठत म्हणाल्या. "यूनिसला पाण्यात ने. मी काठावर बसेन."

मी मान डोलावली. दारात त्या थांबल्या.

"तिला शिकायला किती दिवस लागले?"

"बारा."

"बारा दिवस," त्या म्हणाल्या. "फक्त बारा?"

आणि दाराची चौकट धरून त्या भावासाठी मोठ्याने रडल्या. शिवदासची शिफ्टला जायची वेळ टळून गेली, तरी तो त्यांना ओलांडून बाहेर गेला नाही.