काखेतल्या कोकराचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. गंगाखेडच्या रेल्वे स्टेशनात, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभा आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यासमोरून गेला असाल आणि थांबला नसाल, तरी मला राग नाही. राग, लोभ, असलं काही माझ्यात बसवलेलंच नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलं त्या साली मला मालगाडीतून, पेंढ्यात गुंडाळून आणलं. तेव्हा मी लालभडक होतो. पुढे आरसा, आत फिरणारे रंगीत दिवे. नाणं टाकलं की दिवे धावत, पोटात खडखड होई आणि जाड कागदाचं तिकीट खाली पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला माणसाचा स्वभाव. वजन मी मोजत असे. स्वभाव मात्र आधीच छापून, गठ्ठा बांधून येत. सगळ्या मुलखाला मिळून पंचवीसच स्वभाव होते. ज्याचा पाय पडेल त्याला वरचं तिकीट मिळे. हे मला ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

लोकांना ते पटायचं, हेच नवल! चहावाले माणिकराव तिकिटं वाचून दाखवत. साखर कारखान्यावरचा एक मुकादम, रोज गड्यांना शिव्या घालणारा, 'आपण कोमल हृदयाचे आहात' ऐकून उपरण्यानं डोळे पुसू लागला. "लय बरोबर बगा! मह्या आतलं ह्याला कसं काय कळलं?" लोक माझ्या अंगावर हात फिरवत. मला काही वाटत नसे.

एके दिवशी ताडकळसकडचे मेंढपाळ मुंजाजी लेकीला घेऊन आले. केवळा तिचं नाव. तिच्या काखेत आई मेलेलं एक कोकरू होतं. फलाटावर सोडलं तर रुळांवर जाईल म्हणून ती त्याला घेऊनच माझ्यावर चढली. सत्तेचाळीस किलो. दोघांचं मिळून.

माणिकरावांनी तिकीट उलटून वाचलं. "आपण मितभाषी व सोशिक आहात. कोणाचा शब्द मोडत नाही. दुसऱ्याच्या सुखात सुख मानता."

केवळा खो खो हसली. "आबा, मी कुठं सोशिक हाय? परवाच तर कुंपण घालणाऱ्या गड्यामागं काठी घेऊन पळले!"

"गप," मुंजाजी म्हणाले. "रेल्वेचा कागद हाय. सरकारी लिहिणं खोटं निघत न्हाई."

त्यांनी तिकीट पटक्यात खोचलं. पुढचं मला माणिकरावांच्या टपरीवरच्या बोलण्यातून कळलं. पाथरीकडच्या दत्तरावांच्या घरी सोयरिकीची बैठक बसली, तेव्हा मुंजाजींनी सुपारीशेजारी ते तिकीट ठेवलं. मुलाच्या बापानं, म्हणजे दत्तरावांनी, ते दोनदा वाचून घेतलं. "सरकारच जामीन हाय म्हणल्यावर आनखी काय पाह्यजे?" पुढच्याच महिन्यात लग्न झालं. तिकीट सासरच्या देव्हाऱ्यात गेलं.

नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हा केवळाबाईनं तोंड उघडायच्या आत दत्तरावांनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. "तुजं तर लिहूनच आलंय." ऐन आजारपणात तिला मेंढरांमागं धाडलं, तेव्हाही तेच. माहेरी जाता-येता ती गाडीची वाट बघत माझ्याजवळ टेकायची. माणिकराव विचारत, "केवळाबाई, बरं हाय ना?" ती म्हणे, "हाय. मला काय व्हतंय?" तिच्या आवाजात काहीच नसे. माझ्याइतकीच ती गार पडली होती.

माझेही दिवस फिरले. दिवे गेले, आरसा तडकला. तिकिटांचा नवा गठ्ठा येईना, जुन्यातली थोडी तेवढी पोटात उरली. मी तसाच उभा राहिलो.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या साली, एका दुपारी दत्तराव सुनेला आणि नातीला घेऊन आले. नात बायना सातवीत होती. तिला बघायला पाहुणे यायचे होते आणि ती शाळा सोडणार नाही म्हणून हटून बसली होती.

"हिचंबी लिहून घेऊ," दत्तराव म्हणाले. "म्हंजे हिला कळंल, आन् पावण्यालाबी." त्यांनी नाणं टाकलं. बायनानं पाय उचलला.

केवळाबाईनं तिचा दंड धरून मागं ओढलं.

"मामा, त्या दिवशी मह्या काखेत कोकरू होतं."

"कवा? कशाचं कोकरू?"

"माझं तिकीट निघालं तवा. ते लिहिलेलं कोकराचं हाय. इतकी वर्सं मी त्या कोकराचं जिणं जगले. लेकीला ते जगू देणार न्हाई. ती शाळंत जाईल. पावण्यास्नी सांगा, येऊ नका."

तिचा आवाज चढला नव्हता, पण लेकीचा दंड तिनं सोडला नव्हता. तेवढ्यात माझ्या पोटात खडखड झाली. नाणं पडलेलंच होतं ना! तिकीट खाली आलं. माणिकरावांनी उचललं.

"वजन शून्य." त्यांनी ते उलटलं. "आपण मितभाषी व सोशिक आहात. कोणाचा शब्द मोडत नाही..."

दत्तरावांनी तिकीट हातात घेऊन खालीवर केलं. "हे कुणाचं आलं?"

"कुणाचंच न्हाई," माणिकराव म्हणाले. "वर कुणीच नव्हतं."

दत्तराव तिकिटाकडे बघत बाकावर बसले. केवळाबाई लेकीचा हात धरून एसटी स्टँडकडे निघून गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मला काही वाटत नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. त्या दिवशी वाटलं. लाज वाटली.

आता मला भंगारात काढायचं चाललंय. मित्रांनो, मला रंग लावा, तेल द्या, असं मी मागत नाही. त्याआधी कुणी माझ्यावर चढलंच, तर वजन तेवढं विचारा. आणि चढताना काखेतलं कोकरू कुणाच्या तरी हातात द्या. तेवढं तरी मला खरं सांगू द्या.