एक दिवसाआडचा ताप

हिवतापाचे दिवस आले की डॉक्टरमंडळात वाद पेटायचा. कोयनेलच्या गोळ्या की झाडपाल्याचा काढा? काढ्याच्या बाजूला आता एकच वैद्य उरले होते. लोक त्यांना काढेवालेच म्हणत. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे; पण सभा संपली की बाकीचे गप्पा मारत घोळक्याने निघत आणि काढेवाले एकटेच घराकडे वळत. बायको तापानेच गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. घरात दोन खुर्च्या होत्या, पैकी एकीवर आता पुस्तकांचा ढीग असे.

शेजारची शिवणकाम करणारी बाई तापाने हुडहुडली, तेव्हा त्यांनी तिला काढा दिला. दुसऱ्या दिवशी ती मशीनवर हजर! काढेवाल्यांना मूठभर मांस चढलं. इस्पितळात परिचारिका असलेली त्यांची मोठी बहीण भेटायला आली होती, तिला त्यांनी ऐटीत हे सांगितलं.

"अरे, हा ताप एक दिवसाआड येतो," बहीण म्हणाली. "आज त्याची पाळीच नाही. तुझा काढा फुकटचं श्रेय घेतोय."

"झाडपाल्याला नावं ठेवायची सवयच आहे तुम्हा इस्पितळवाल्यांना!"

"कोयनेल तरी कुठून आलं? झाडाच्या सालीतूनच ना? झाडाशी कुणाचं भांडण नाही. पाळीच्या दिवशी ताप थांबतो का, एवढंच बघ. उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणवालीची खाट थडथडत होती. चार पांघरुणांखालीही तिचे दात वाजत होते. काढेवाले वाटी हातात धरून नुसतेच उभे राहिले.

"कोयनेल आण," बहीण म्हणाली.

"ताई, हिला ते दिलं आणि ही बरी झाली, तर..."

"तर काय?"

"तर तेव्हा माझ्या बायकोलाही काढ्याऐवजी तेच देता आलं असतं."

सहा वर्षं हा माणूस कशासाठी भांडत होता, ते बहिणीला आत्ता कळलं! मग तिने त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली.

"तेव्हा तुला खात्री नव्हती, असं म्हणता येईल. आता तसं म्हणता येणार नाही."

काढेवाले तडक निघाले, ते ज्यांच्याशी आजवर कडाकडा भांडले त्या डॉक्टरांच्या दारात.

"सभेत हे कबूल कराल?" डॉक्टरांनी विचारलं.

"करीन. आधी गोळ्या द्या."

गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या पाळीला ताप हलका आला. त्यापुढच्या दोन पाळ्यांना तो आलाच नाही. काढेवाल्यांनी सभेत उभं राहून आपली चूक सांगितली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलंही नाही. घरी येऊन ते बायकोसाठी रडले. इतकी वर्षं त्यांनी नुसता वाद घातला होता. रडायचं राहूनच गेलं होतं.

वाचकहो, औषध आपलं की परकं, हे ताप विचारत नाही. उपाय पारखून घ्यावा आणि चुकलो हे दिसलं की त्याच दिवशी म्हणावं. उशीर झाला असेल, दुःख होईल, तरीही म्हणावं. कारण आपलं म्हणणं सोडवत नाही तोवर खाटेवर कुणीतरी दुसरंच कुडकुडत असतं!